वरचं, डावीकडचं पाखरू

१ मार्च, रविवार

बेबी,

वर 'चिरंजीव' लिहिणार होते. पण तू पन्नाशीला टेकलीस आणि माझा आशीर्वाद तुला कितपत लागतो देव जाणे, म्हणून नुसतंच बेबी. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

आधी कामाचं. सिनेगॉगच्या मुकादमांनी गळ घातली म्हणून लिहितेय, मला हौस नाही. सिनेगॉगमध्ये रंगकाम काढलंय. बाकं बाहेर आलीत, भिंती खरवडून झाल्यात, एप्रिलअखेर सगळं पुन्हा लावायचं आहे. तेव्हा पप्पांच्या आठवणीत तोराच्या पोथ्यांच्या कपाटाला नवा पडदा करायचा, असं मंडळींनी ठरवलंय. आता आहे तो तुझाच. एकोणिसाव्या वर्षी तू भरलेला, निळ्या मखमलीवर झाड आणि झाडभर पाखरं. मुकादम म्हणाले, "बेबीकडून नक्षी मागव. तिकडे तिची प्रदर्शनं भरतात, बापासाठी एक कागद पाठवायला तिचं काय जातंय?" मी म्हटलं, विचारून बघते. तर वर म्हणतात, "आणि पोरी, तोवर जुना पडदा तू रफू करून ठेव. पण असा कर, की कळता कामा नये."

मला सांगतात, कळता कामा नये! मी साठीची पोर, चाळीस वर्षं दुसरं काय करत आले? सिगारेटने जळलेल्या कोटापासून खिळ्याला अडकलेल्या साडीपर्यंत सगळं माझ्या हातून जातं, आणि माझा हात लागलाय हे कुणाला कळलं नाही तरच ते काम चांगलं.

पप्पांचं तुला फोनवर निरोप ठेवून कळवलंच होतं. सकाळी गेले, दुपारी माती झाली. आपल्यात माणसाला ताटकळत ठेवत नाहीत. तुझं विमान तिथून सुटेपर्यंत इथे लोक हात धुऊन घरी गेले असते, म्हणून आली नाहीस याचा दोष मी देत नाही. सात दिवस मी एकटी जमिनीवर बसले. माणसं येत होती, नाही असं नाही. पण जो तो उंबऱ्यातूनच विचारायचा, "बेबीला कळवलं का? बेबीला फार लागलं असेल." म्हणजे वडील तुझे गेले होते, मी आपली दार उघडायला होते.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे मी लावते. आशीर्वाद म्हणते आणि सवयीने थांबते. पप्पा खुर्चीतून 'आमेन' म्हणायचे. कानाने दगा दिल्यापासून जरा उशिराच म्हणायचे, माझं म्हणून झालेलं त्यांना माझ्या पाठीवरून कळायचं. आपल्याच आशीर्वादाला आपण आमेन म्हणायचं नसतं, त्याला दुसरं माणूस लागतं. आता मी थांबते, तर मोरीतला नळ तेवढा टिपकत असतो.

त्यांची दोन वाक्यं आठवतात का गं? दर शुक्रवारी जेवणाआधी म्हणायला लावायचे. एक, 'हे जग माझ्यासाठी केलं.' दुसरं, 'मी माती आणि राख.' दोन्ही पाठ पाहिजेत म्हणायचे, एकट्या पहिल्याने माणूस माजतो आणि एकट्या दुसऱ्याने वाया जातो. आपण ती वाटून घेतली. तू पहिलं खुर्चीवर चढून ओरडायचीस. मला ते म्हणायचीच लाज वाटायची, मी नुसते ओठ हलवायची आणि दुसऱ्याला आवाज लावायची. पप्पांना वाटायचं, दोघी दोन्ही म्हणतात.

तू शेवटची आलीस तेव्हा जाताना काय बोललीस, ते मी विसरलेले नाही. बॅग दारात होती. "ताई, तुझा म्हणावा असा एक तरी टाका आहे का गं या जगात?" मी म्हटलं, तोंड आवर. तू आवरलंस ते आजतागायत.

नक्षी पाठव. मुकादम रोज दुकानात येऊन बसतात आणि गिऱ्हाइकाची खुर्ची अडवतात.

ताई


२२ मार्च, रविवार

बेबी,

पोस्टमन तुझ्या नावाने आता माझ्याकडे बघतही नाही, लांबूनच मान हलवतो.

मुकादम काल संध्याकाळी एक गुळगुळीत पुस्तक घेऊन आले. तयार पडद्यांचं. मखमल, जर, सगळं मशीनचं काम. "बेबीला सवड नसेल तर हा मागवू. वर पप्पांचं नावसुद्धा भरून देतात." पप्पांचं नाव, मशीनने! जो माणूस तयार कपड्याला 'बेवारशी' म्हणायचा! त्यांचं ते टांकसाळीचं आठवतं ना? माणूस एका साच्यातून नाणी पाडतो, ती सगळी सारखी. वरच्याने एकाच पहिल्या माणसाच्या साच्यातून आपल्या सगळ्यांना पाडलं, पण एक दुसऱ्यासारखं नाही. म्हणून तर नेहमीचं गिऱ्हाईक असलं तरी पप्पा दर वेळी माप नव्याने घ्यायचे. लोक वैतागायचे. "अहो मास्तर, गेल्या महिन्यातलं लिहिलेलं असेल की." पप्पा फीत गळ्यातून काढत म्हणायचे, "गेल्या महिन्यातले तुम्ही आज कुठे आहात?"

मी मुकादमांना म्हटलं, आणखी थोडं थांबा. ते म्हणाले, एप्रिलच्या मध्यापर्यंत. मग ते पुस्तकातला मागवणार.

आता दुसरं सांगते. हसू नकोस. किंवा हस, मला कुठे दिसणार आहे.

पप्पांना माती देण्याआधी मुकादमांच्या बायकोने माझ्या पांढऱ्या ब्लाउजला डावीकडे, काळजावर, कात्रीची चीर दिली आणि पुढचं मी हाताने फाडलं. सात दिवस तोच अंगावर होता. तीस दिवस झाल्यावर तो मी धुऊन टोपलीत ठेवला, सवडीने कच्चे टाके घालू म्हणून. मागच्या आठवड्यात एका दुपारी आपला शेजारचा चष्मेवाला येऊन बसला होता. कपाळावर एक चष्मा, नाकावर एक आणि तिसरा शोधत असतो तो. त्याने विचारलं, "ताई, तुम्हा ज्यू लोकांत वडील गेले की कपडा फाडतात म्हणे. मग पुढे त्याचं काय करता?"

मी म्हटलं, "दुसऱ्या कुणासाठी फाडला तर पुढेमागे शिवून घेता येतो. पण आईबापासाठी फाडलेला नीट शिवायचा नसतो. महिन्याने मोठाले कच्चे टाके घालायचे, बस्स. ती फट दिसली पाहिजे. कितीही दिवस झाले तरी दिसली पाहिजे."

"रफूसुद्धा नाही?"

"रफू तर मुळीच नाही."

हे मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगत होते आणि हात आपले टोपलीतलं काम उपसत होते. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचा धागा ओढला, सुईत ओवला, एक घर वर, एक घर खाली. बोलता बोलता काम झालं. इस्त्री फिरवली, झटकलं, घडी घालायला उचललं आणि बघते तर माझाच ब्लाउज.

खिडकीशी नेला. भिंग लावलं. उजेडासमोर ताणून धरला. कुठे फाटला होता तेच सापडेना, बेबी. माझंच रफू मला सापडेना. चष्मेवाल्याने तीन चष्मे बदलून बघितलं आणि म्हणाला, "ताई, हात आहे की जादू! असं काम मी जन्मात पाहिलं नाही." मी रडायला लागले. त्याला वाटलं, कौतुकाने भरून आलं.

सोमवारी प्रार्थनेला तोच घालून गेले. मुकादमांच्या बायकोने माझ्याकडे वरून खाली बघितलं. "अगं, वडिलांसाठी फाडलेला कुठे आहे?" मी म्हटलं, घरी आहे. अंगावर होता, आणि मी म्हटलं घरी आहे.

बाप गेला त्याची एक खूण माझ्याजवळ होती, ती मी गप्पा मारता मारता पुसून टाकली. आणि याला लोक कसब म्हणतात.

ताई


५ एप्रिल, रविवार

बेबी,

पडदा उतरवून घरी आणला. घडी घालून टोपलीत बसेना, म्हणून नवरीसारखा दोन हातांवर घेऊन रस्त्याने आले. लोक बाजूला होत होते.

पप्पांच्या खोलीत पलंगावर पसरलाय. दुसरीकडे जागा नाही, आणि त्या पलंगाला आता काम नाही. त्यांची फीत खुंटीवर आहे, जाड काचांचा चष्मा उशीपाशी. मी काही हलवलं नाही. सकाळी चहा घेते ती त्या खोलीच्या दाराशी उभी राहून, कारण स्वयंपाकघरात एकटीने बसून चहा प्यायला मला कसंतरी होतं. बेबी, मला फार एकटं वाटतं. लिहून टाकलं. आता खोडणार नाही.

पडद्याची हालत वाईट आहे. मखमल उन्हाने खाल्लीय, हात लावला तर भुसा पडतो. मधूनमधून उंदरांनी कुरतडलं होतं, मेणबत्त्यांनी काळं पडलं होतं, ते मी वर्षानुवर्षं बघत आलेय. पण रफूला कडेचं कापड धड असावं लागतं, सुईला धरायला काही तरी लागतं. इथे धरायलाच काही उरलेलं नाही. मुकादमांना मी सांगितलं, की आता माझ्याने होणार नाही. ते पलंगाशी वाकून बघत होते. म्हणाले, "पण पाखरं बघ कशी ताजी आहेत अजून! बेबीचा हात तो बेबीचा हात." त्यांना चहा दिला.

ते गेल्यावर मात्र मी पडदा उलटा केला आणि बराच वेळ बघत बसले. काय दिसलं ते लिहीत नाही. उलटी बाजू कुणी बघायची नसते, पप्पा म्हणायचे गिऱ्हाइकाला अस्तर दाखवू नये.

चष्मेवाल्याच्या पोरीकडून पुढच्या बाजूचा फोटो काढून घेतला आणि मोठा छापून घेतला. सोबत पाठवतेय, या खेपेला कुरिअरने. मापं मागे लिहिली आहेत. तुला नक्षी काढायला सोपं जाईल. पाखरं आहेत तशीच आहेत, बघ. तुला ओळखता येतील.

मुकादमांचं पुस्तक टेबलावर आहे, त्यांनी एका पानाला खूण घालून ठेवलीय. सोनेरी मुकुट आणि दोन सिंह, दोन्ही सिंह अगदी सारखे. या पडद्यापुढे पप्पांच्या नावाने उभं राहायचं माझ्या जिवावर आलंय. तू मला काय वाटेल ते समज, पण त्यांच्यासाठी एवढं कर.

ताई


१९ एप्रिल, रविवार

बेबी,

तुझं पाकीट आलं.

दुकानात गिऱ्हाईक होतं, एक बाई, पदराला भोक पडलेली साडी घेऊन. मी तिला म्हटलं थांबा, आणि तिच्यासमोरच कुरिअरचं पाकीट फोडलं. आत नक्षी नव्हती. माझाच फोटो परत आलेला. मी म्हटलं, घ्या, हिला कागदसुद्धा खर्चायचा नाही. मग दिसलं, की वर डावीकडे पेन्सिलीने एक गोल केलाय. मागे मापांच्या खाली तुझं अक्षर. 'ताई, हे पाखरू माझं नाही. कुणाचं आहे?'

एवढंच. ती बाई म्हणाली, "बसा, पाणी देऊ का?" माझ्याच दुकानात मला पाणी विचारत होती. मी तिला म्हटलं, साडी ठेवून जा.

माझं आहे, बेबी.

आता सगळं सांगते. पडदा झटकायच्या निमित्ताने जाऊन तो मी पहिल्यापासून गुपचूप दुरुस्त करत आले. तू परदेशी गेल्याच्या पुढच्या वर्षी थंडीत उंदरांनी तो कोपरा साफ केला. बाकी ठिकाणी काही तरी उरायचं, एखादा पंख, चोचीचा ठिपका, त्यावरून मी तुझा हात ओळखून तसंच्या तसं भरायची. त्या कोपऱ्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. तिथलं पाखरू कसं होतं, ते मला आठवेनाही. कुणाला विचारलं तर कळलं असतं की मी पडद्याला हात लावते. म्हणून मनाने केलं. ते जरा जाडंच झालं. बाकीची सगळी समोर बघतात, ते मान मागे वळवून बघतंय, पाठीमागून कुणी हाक मारल्यासारखं. मी ते का तसं केलं विचारशील तर सांगता येणार नाही. करताना मला हसू येत होतं. झाल्यावर भीती वाटली, आता पकडले जाणार. पुढच्या शनिवारी सगळे पडद्यासमोर उभे राहिले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला बरं वाटलं. आणि घरी येऊन मी जेवले नाही.

इतकी वर्षं तिथे बसलंय ते. शेकडो लोकांनी बघितलं. लहान पोरं त्याला 'वाकडं पाखरू' म्हणतात आणि नेमकी त्याच्याच समोरच्या बाकावर बसायला भांडतात, मोठी माणसं म्हणतात बेबीने पोरांसाठी मुद्दाम केलं असेल. एकानेही विचारलं नाही. आणि तू समुद्रापलीकडून एका फोटोवरून ओळखलंस.

उलट्या बाजूला काय दिसलं तेही ऐक. तू गाठी मारतेस. पहिल्यापासून, पप्पा ओरडायचे तरी. मी मारत नाही, रफूला गाठ चालत नाही, वर टोचते. त्या दिवशी पडदा उलटा केला तर तुझ्या गाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळं बिनगाठीचं. झाड माझं, पानं माझी, पाखरं माझी, आणि त्यातलं एकही माझं नाही, कारण ती सगळी मी तुझ्यासारखी केली. आधी मला तुझा राग आला, मग पप्पांचा, मग बसले तशीच. एवढं काम केलं मी! हातात एवढं होतं आणि मी ते लपवायला वापरलं. वरती देवाच्या दारात मला कुणी विचारणार नाही, की बाई, तू बेबीसारखी का झाली नाहीस. विचारलं तर माझ्या स्वतःच्या पाखराचं विचारतील. तेव्हा काय एकच दाखवू? तेही मान वळवलेलं?

मुकादम आले तेव्हा मी ते पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं.

"आली नक्षी?"

"नाही. पडदा मी करणार."

"तू?" ते खुर्चीवर बसले. "पोरी, तू तर रफू करतेस."

"हो. आणि आता पडदा करणार आहे."

"बेबीसारखा होईल का?"

"नाही होणार."

"मग कसा होईल?"

"ते मलाही माहीत नाही. झाला की बघू. आणि एप्रिलअखेर होणार नाही, आधीच सांगते. तोवर जुनाच लावा, भोकांसकट."

त्यांनी फोटो उचलून तुझ्या त्या पेन्सिलीच्या गोलावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे वाकडं पाखरू तुझं?" मी म्हटलं, "हो, माझं." आवाज जरा मोठाच लागला. शेजारून चष्मेवाला डोकावला, कोण भांडतंय म्हणून.

मखमल आणली. निळी नाही, मातीच्या रंगाची. पप्पांच्या पलंगावरचं सगळं आवरलं, फीत तेवढी मी गळ्यात घातलीय. दोन दिवस नुसती बसून होते, समोर काही नसताना सुई कुठे घालायची ते कळेना. तिसऱ्या दिवशी घातली. काय करतेय ते सांगणार नाही.

ब्लाउज मी परत फाडला. जागा सापडली नाही, म्हणून हात काळजावर ठेवला आणि तिथेच फाडला. फार मोठा आवाज झाला, किंवा घरात दुसरा आवाज नव्हता म्हणून तसा वाटला असेल. मग काळ्या दोऱ्याने मोठाले कच्चे टाके घातले, आंधळ्यालाही दिसतील असे. तोच घालून हे लिहितेय. मुकादमांच्या बायकोने बघितलं आणि या खेपेला माझा हात धरला.

तू जाताना विचारलं होतंस, त्याचं उत्तर दिलं असं समज. आता माझं एक काम कर. येत्या शुक्रवारी, इथे अंधार पडायच्या आधी, फोन लाव. तुझ्याकडे दुपार असेल. मी फोन दिव्यांपाशी ठेवीन. मी आशीर्वाद म्हणेन आणि थांबेन, तू आमेन म्हण. मग पप्पांची वाक्यं म्हणू. पहिलं मी म्हणणार आहे, खुर्चीवर चढायला गुडघे देत नाहीत, पण आवाज लावीन. दुसरं तू म्हण. तुला सवय नाही, पण जमेल.

त्यापुढे बोलायचं काही नसलं तरी चालेल. दिवे लागले की शब्बाथ लागला, मग मी फोनला हात लावत नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा फोन ठेवायचा झाला तर तो तुलाच ठेवावा लागेल. मी काही ठेवणार नाही.

ताई